ब्रुजच्या गर्दीत उभी नवी शिल्पं: शहराची गरज की पाहुण्यांची करमणूक?

पायवाट

मुद्दा आधीच मांडते. बेल्जियममधल्या ब्रुजसारख्या मध्ययुगीन शहरात नवी कला रस्त्यात, चौकात, कालव्यात मांडलीच पाहिजे, आणि तीही जिथे गर्दी सर्वांत जास्त तिथे.

ब्रसेल्सहून ब्रुज ट्रेनने तासाभरावर आहे. पुण्याहून आई-बाबा आले होते, म्हणून त्यांना दिवसभरासाठी घेऊन गेले. मार्क्ट चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. बेल्फ्री या घंटाघराचा ८३ मीटरचा मनोरा, त्याच्या ३६६ पायऱ्या चढायला थांबलेली रांग, कालव्यातल्या बोटींसाठी दुसरी रांग. तिथून आम्ही सगळे जातात तिकडेच निघालो, बोनिफासियस पुलाकडे. लहानसा दगडी पूल, भोवती जुन्या विटांच्या भिंती. बघणाऱ्याला वाटावं पाचशे वर्षांचा असेल. प्रत्यक्षात तो १९१० च्या सुमारास बांधलाय.

पुलाकडे जाणारी वाट आरेन्ट्सहोफ नावाच्या छोट्या बागेतून जाते. त्या बागेत चार घोडेस्वार उभे आहेत, बायबलच्या अखेरच्या ग्रंथात जगाच्या अंताच्या वेळी दौडत येतात ते. रिक पोट या बेल्जियन शिल्पकाराचं हे १९८० च्या दशकातलं काम. चिलखतात पूर्ण बंद झालेले स्वार, त्यांच्यासारखेच कठीण घोडे. यातलं कुठलंही अंग गोंजारावंसं वाटत नाही. युरोपने विसाव्या शतकात जी युद्धं पाहिली, ती पाहिलेल्या माणसाचे घोडे आहेत हे, असं मला तिथे उभं राहून फार जाणवलं. बाबा प्रत्येक घोड्याला प्रदक्षिणा घालून आले आणि मग बराच वेळ बाकावर बसून राहिले. आणि शेजारून माणसांची रांग पुलावरच्या फोटोसाठी पुढे सरकत होती, मान न वळवता.

शंभर वर्षांचा पूल जुना दिसतो म्हणून लोक थांबतात. शिल्प नवं दिसतं म्हणून त्याला ओलांडून जातात. हे मला खटकलं. अशी कामं अजून हवीत, मोठी हवीत, वाट अडवणारी हवीत. तुम्हाला काय वाटतं?

मुळशीकर

पूर्ण असहमत.

माझ्यासारखा माणूस वर्षानुवर्षं पैसे साठवून युरोपला जातो. ब्रुजला त्याच्या वाट्याला पाच-सहा तास येतात. त्या वेळात त्याला घरांचे विटांचे, उतरत्या पायऱ्यांसारखे माथे बघायचे असतात, चर्चचे कळस बघायचे असतात, कारण ते त्याला दुसरीकडे बघायला मिळणार नसतं. आधुनिक शिल्पं पॅरिस, लंडन, न्यू यॉर्क, कुठेही आहेत. २०१८ साली इथल्या त्रिवार्षिक कलाप्रदर्शनासाठी यान व्हान आइक चौकातल्या कालव्यातून प्लास्टिकचा अवाढव्य देवमासा वर काढून ठेवला होता. चार मजली इमारतीएवढा. त्या चौकाचं जे शांत, जुनं रूप आहे ते त्या काळात गेलेल्या कुणालाच दिसलं नाही. जुन्या शहराचा एकसंधपणा हीच त्याची कला आहे. ती मोडायचा हक्क चार-पाच महिन्यांच्या प्रदर्शनाला का द्यावा? युनेस्कोने २००० साली या शहराचा ऐतिहासिक गाभा जागतिक वारसा म्हणून नोंदवला तो त्या एकसंधपणामुळेच ना?

ऐसपैस

मुळशीकर, एकसंधपणाबद्दल थोडं लिहितो, वास्तुरचनाकार आहे म्हणून राहवत नाही.

मार्क्टमध्ये उभे राहिलात की समोर टोकदार कमानींची जी भव्य इमारत दिसते, ते प्रोव्हिन्सियाल होफ, म्हणजे प्रांत सरकारचा वाडा, ते १८८७ नंतरचं आहे. त्या जागी तेराव्या शतकातला वॉटरहॅले होता, बोटी थेट आत येऊन माल उतरवत अशी प्रचंड वखार. ती १७८७ मध्ये पाडली. चौकाच्या मधोमध यान ब्रेडेल आणि पीटर द कोनिंक या फ्रेंच सत्तेविरुद्धच्या लढ्यातल्या वीरांचा पुतळा आहे. लढाई १३०२ ची, पुतळा १८८७ चा. तुम्ही ज्या चौकाबद्दल बोलताय तिथला व्हान आइक या पंधराव्या शतकातल्या चित्रकाराचा पुतळा १८७८ चा. एकोणिसाव्या शतकात ब्रुज गरीब होतं, बंदर गाळाने भरून शतकं लोटली होती, आणि त्या काळातल्या लोकांनी ठरवून शहराला गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन शैलीचा, वेश दिला. ती त्यांची समकालीन कला होती, त्यामागे त्यांचं राजकारण होतं आणि भाषेचा अभिमानही होता. आज आपण त्यालाच मध्ययुग समजतो.

आणि खरं मध्ययुग घ्या. १४३६ साली व्हान आइकने व्हान देर पाल या कॅननचं, म्हणजे चर्चमधल्या धर्माधिकाऱ्याचं, चित्र रंगवलं. चित्रात कॅननच्या हातातला चष्मा आहे, गालावरच्या सुरकुत्या आहेत. इतक्या बारकाईने याआधी क्वचितच कुणी रंगवलं होतं. पुढे ब्रुजच्या मूसक्रोन या कापडव्यापारी घराण्याने मायकेलअँजेलो नावाच्या तिशीच्या आसपासच्या शिल्पकाराची संगमरवरी मॅडोना विकत घेऊन गावच्या चर्चमध्ये ठेवली. ती आजही तिथेच आहे. श्रीमंत असताना हे गाव सतत नवी कला विकत घेत होतं, परदेशातून मागवत होतं. त्या गावाला नवी कला परकी कशी?

उत्तरसमुद्र

इथे राहते म्हणून लिहिते. घर ब्रुजच्या जुन्या भागात, कालव्यापासून दोन गल्ल्या आत.

पायवाट, तुमच्या बाबांना घोडेस्वार आवडले हे वाचून बरं वाटलं. मुद्दा मात्र पटला नाही. जुन्या गाभ्यात वीसएक हजार माणसं राहतात. वर्षाला ऐंशी लाखांच्या आसपास पाहुणे येतात आणि त्यातले बहुतेक सकाळी येऊन संध्याकाळी जातात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पावाचं दुकान होतं. आता तिथे वॅफल्स मिळतात. शाळेतून मुलीला आणताना मला रोझेनहुडकाई हा कालव्याचा काठ टाळून लांबचा फेरा घ्यावा लागतो, कारण तिथे सायकल हातात धरूनसुद्धा पुढे जाता येत नाही. अशा ठिकाणी, गर्दी सर्वांत जास्त तिथे, वाट अडवणारी शिल्पं ठेवा असं तुम्ही म्हणता तेव्हा ती वाट कुणाची अडते याचा विचार केलाय का?

२०१९ मध्ये नगरपालिकेने ब्रसेल्स-पॅरिससारख्या शहरांतून दिवसाच्या सहलींची जाहिरात थांबवली आणि झेब्रुगे बंदरात एका वेळी पाचऐवजी दोनच क्रूझ जहाजं असा आग्रह धरला. आम्हाला दिलासा वाटला. आणि त्याच शहरात दर तीन वर्षांनी त्रिवार्षिक कलाप्रदर्शन भरतं, ज्याचे फोटो जगभर फिरतात. देवमाशाचा फोटो तर फारच फिरला. एका हाताने दार लोटायचं आणि दुसऱ्या हाताने उघडायचं, असं आम्हाला वाटतं.

अजून एक. बुर्ग चौकात २००२ साली, ब्रुज युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं तेव्हा, तोयो इतो या जपानी वास्तुरचनाकाराचा मंडप उभा राहिला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी ॲल्युमिनियमची जाळी, खाली उथळ पाणी. उभा होता नेमका तिथे जिथे सेंट डोनेशियनचं कॅथीड्रल होतं. तेच कॅथीड्रल ज्यात व्हान आइकला पुरलं आणि जे १७९९ मध्ये जमीनदोस्त झालं. इतकी विचारपूर्वक निवडलेली जागा! उत्सव संपला, मंडप राहिला, देखभाल मात्र नीट झाली नाही. अखेर २०१३ मध्ये तो काढून टाकला. उत्सवाला पैसा असतो, डागडुजीला नसतो. कलेचा असा अपमान करण्यापेक्षा ती न मांडलेली बरी.

पायवाट

ताई, गल्लीचं वाचून वाईट वाटलं. घरच्या माणसाला रस्ता मिळालाच पाहिजे, यात वादच नाही. वाट अडवणारी म्हणजे नजर थांबवणारी, पाय अडवणारी नव्हे.

पण त्रिवार्षिकाला गर्दीचं कारण म्हणणं मला मान्य नाही. ते प्रदर्शन पर्यटनाची जाहिरात म्हणून जन्मलेलं नाही. पहिलं १९६८ मध्ये झालं, मग १९७१ आणि १९७४. त्यानंतर चाळीस वर्षं खंड. २०१५ मध्ये पुन्हा सुरू केलं तेव्हा आयोजकांनी कलाकारांपुढे प्रश्नच असा ठेवला: दरवर्षी येणारे पन्नास लाख पाहुणे एके दिवशी परत जायचेच नाहीत असं म्हणाले तर या शहराचं काय होईल? म्हणजे तुम्ही जो त्रास सांगताय त्याच त्रासावर कलाकारांना बोलायला लावलं. महापालिकेच्या अहवालातून हा प्रश्न किती जणांपर्यंत पोचला असता?

देवमाशाचंही तेच. न्यू यॉर्कच्या स्टुडिओकेसीए या वास्तुरचना संस्थेने तो समुद्राने हवाईच्या किनाऱ्यांवर टाकलेल्या सुमारे पाच टन प्लास्टिकमधून घडवला होता. व्हान आइक चौक म्हणजे जुन्या काळी जहाजांचा माल जिथे यायचा तो कालवा. समुद्रातून आलेल्या संपत्तीवर उभं राहिलेलं गाव, आणि त्याच पाण्यातून आता समुद्र आपला कचरा परत आणून देतोय. हे दुसऱ्या कुठल्या चौकात इतकं बोललं नसतं. मुळशीकर, ते रूप बिघडवणं नव्हतं. त्या चौकाचा अर्थ अनेकांना त्या देवमाशामुळेच कळला असणार.

सांजपक्षी

मुंबईचं एक उदाहरण देते, कारण ते या वादाला लागू पडतं. काळा घोडा. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवून राणीच्या बागेत नेला. नाव मात्र गेलं नाही. पन्नास वर्षं लोक नसलेल्या घोड्याच्या नावाने पत्ता सांगत राहिले. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, स्वार नसलेला. राजा लोकांनी सोडून दिला आणि घोडा ठेवून घेतला.

रस्त्यातली कला राहणाऱ्यांची होते, पण त्याला काळ लागतो. लोकांनी तिच्याखाली वाट बघितली पाहिजे, भांडण केलं पाहिजे, पावसात आडोसा घेतला पाहिजे. चार-पाच महिन्यांत काढून घेतलेली कला कुणाची होणार? म्हणून मला रिक पोटचे घोडेस्वार पटतात आणि देवमासा पटत नाही, कितीही सुंदर असला तरी.

उत्तरसमुद्र

सांजपक्षी, अगदी हेच.

पण एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. २०२४ च्या प्रदर्शनात काही कामं मुद्दाम गर्दीपासून दूर ठेवली होती. मोना हातूम या कलाकाराचं काम शहराबाहेरच्या बाजूला, एका मनोरुग्णालयाच्या आवारात होतं. जमिनीत खोल खड्डा, दगड भरलेल्या तारेच्या पिंजऱ्यांच्या भिंती, आणि तळाशी एक झोपाळा. पायऱ्या उतरून खाली जायचं आणि झोका घ्यायचा. वर फक्त आभाळाचा तुकडा. मी तिथे माझ्या शेजारणीला घेऊन गेले, तिचा मुलगा एकेकाळी तिथे दाखल होता. ती त्याआधी त्या आवाराकडे फिरकतही नसे. झोपाळ्यावर बसून ती बराच वेळ मुलाबद्दल बोलली. इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती तेवढं.

मला हवी ती कला अशी. इथल्या दुःखाच्या जवळ जाणारी, आणि पाहुण्याला यायचं असेल तर त्याने वाकडी वाट करून यावं.

पायवाट

हे वाचून गलबलून आलं. तरीही माझा आग्रह सोडत नाही, ताई. वाकडी वाट करणारा माणूस आधीच तयार असतो. माझे बाबा कलादालनात कधी गेले नाहीत. त्यांना कुणी 'चला, आधुनिक शिल्प बघायला जाऊ' म्हटलं असतं तर ते हॉटेलवरच थांबले असते. घोडेस्वार त्यांच्या वाटेत होते म्हणून भेटले. सगळी कला शांत आवारांत नेली तर गर्दीतल्या माणसाला चॉकलेटच उरेल.

मुळशीकर

ऐसपैस यांची माहिती उत्तम आहे, पण तिने माझा मुद्दा खोडला जात नाही. एकोणिसाव्या शतकाने जे बांधलं ते जुन्याशी जुळवून घेत बांधलं. तीच वीट, तीच उंची. देवमाशाने काय जुळवून घेतलं? जुळवून घेणारं नवं काम असेल तर माझी हरकत नाही. आरेन्ट्सहोफ बाग आहे, घोडेस्वार झाडांमध्ये आहेत, कुणाची नजर कापत नाहीत. ते राहू देत.

ऐसपैस

जुळवून घेणं म्हणजे सारखं दिसणं नव्हे, एवढंच म्हणेन. २०२१ मध्ये बुर्ग चौकात मेक्सिकोच्या हेक्तोर झामोरा या कलाकाराने एका उंच पाइन झाडाभोवती लाल परांची उभी केली होती. लोक त्यावर चढून झाडाच्या खोडाजवळ, फांद्यांच्या उंचीला जात. रंगाने ती चौकातल्या कशाशीच जुळत नव्हती. पण ती परांची होती, आणि ब्रुज हे सतत दुरुस्तीत असलेलं शहर आहे. जपण्याच्या नादात आपण जिवंत गोष्टीचा गळा आवळतो का, हे ती विचारत होती, आणि समोर नगरपालिकेची चौदाव्या शतकातली इमारत होती. मी त्या चौकाचे असंख्य फोटो पाहिलेत. तिथे झाड आहे हे माझ्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

देखभालीचा मुद्दा मात्र सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि त्यावर मी उत्तरसमुद्र यांच्या बाजूने आहे. कुठलंही काम कायम ठेवायचं ठरलं तर पुढच्या पंचवीस वर्षांचा खर्च त्याच दिवशी वेगळा काढावा, कोण बघणार त्याचं नाव कागदावर असावं. इतोचा मंडप कलेमुळे पडला नाही. या जबाबदारीशिवाय उभा केला म्हणून पडला.

उत्तरसमुद्र

खर्चाबरोबर आणखी एक अट घाला. काय ठेवायचं आणि काय न्यायचं हे त्या गल्लीत राहणाऱ्यांना विचारा, प्रदर्शन संपताना, लेखी. आमच्याकडे शेजारसमित्या आहेत, त्या एरवी कचऱ्याच्या वेळांवरून नगरपालिकेशी भांडतात, त्यांना हे काम जमेल. देवमाशाबद्दल विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. माझ्या मुलीने हो म्हटलं असतं, ती तेव्हा सहा वर्षांची होती आणि रोज त्याच्याकडे जायचा हट्ट करायची. आमच्या घरातच मतं फुटली असती.

पायवाट, पुढच्या वेळी आई-बाबांना आणाल तेव्हा स्टेशनवरून मार्क्टकडे न वळता सिंट-आना भागातून चालत क्राउसवेस्टच्या पवनचक्क्यांपर्यंत जा. तिकडे गर्दी पातळ असते. आधी इथे निरोप टाका, मी येईन बरोबर.