मदत हवी आहे: एपी कॉम्प्युटर सायन्सच्या ग्रेडिंगबद्दल

नमस्कार मंडळी, इथे अमेरिकेत ज्यांची मुलं हायस्कूलला एपी कॉम्प्युटर सायन्स ए (हायस्कूलमध्येच करायचा कॉलेजच्या तोडीचा कोर्स) घेतायत किंवा ज्यांचं घेऊन झालंय त्यांच्याकडून जरा मार्गदर्शन हवंय. मुलगी अकरावीला आहे, जावा (प्रोग्रामिंगची भाषा) मनापासून आवडतं तिला, घरी लिहिलेला कोड व्यवस्थित चालतो, पण वर्गात ग्रेड बी मायनसच्या वर सरकतच नाहीये. मागच्या टेस्टला अरेलिस्टमधून (जावातली यादी) काही एलिमेंट काढायचे होते, आता एक काढला की पुढचे सगळे एक घर मागे येतात आणि इंडेक्स (घराचा क्रमांक) तसाच वाढवत गेलं की मधला एक तपासायचा राहतो, तेवढी एकच चूक, बाकी लॉजिक बरोबर, तरी सरांनी अख्ख्या प्रश्नाला शून्य दिलं!

मे महिन्यातल्या एपीच्या परीक्षेत मात्र फ्री रिस्पॉन्सला (स्वतः कोड लिहायच्या प्रश्नांना) टप्प्याटप्प्याने पॉइंट मिळतात, एखादा सेमीकोलन राहिला तरी कापत नाहीत. शाळेचा ग्रेड वेगळा आणि एपी परीक्षेचा 1 ते 5 चा स्कोअर वेगळा हे कळतंय हो, पण कॉलेजला अर्ज करताना ट्रान्सक्रिप्टवर हाच ग्रेड जाणार ना.

तर सरांकडे रुब्रिक (कशाला किती पॉइंट त्याचा तक्ता) मागितलं तर चालतं का? ईमेल मुलीनेच करावा की आम्ही काउन्सिलरशी बोलावं? आणि ब्लूबुकमध्ये (एपी परीक्षा द्यायचं ॲप) कोड रन करून बघता येत नाही, त्याची सवय तुमच्या मुलांनी कशी केली? प्लीज सविस्तर सांगा, पोरगी फार हिरमुसलीय.