ग्रंथालयाच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये शोध घेताना एक तर शून्य निष्पत्ती मिळते, नाही तर हजारो. नेमके चुकते कुठे?

आषाढमेघ

नमस्कार. मी मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकत असून 'किशोरवयीन मुलांचा स्मार्टफोनवापर आणि त्याचा झोपेवर होणारा परिणाम' या विषयावर लघुप्रबंध लिहिते आहे. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने बरेच डेटाबेस वर्गणी भरून उपलब्ध करून दिले आहेत, परंतु त्यांचा वापर मला अद्याप जमलेला नाही. शोधचौकटीत माझा विषय पूर्ण वाक्यात इंग्रजीतून लिहिला, की एकही लेख सापडत नाही. केवळ 'स्मार्टफोन' आणि 'स्लीप' एवढेच लिहिले, तर इतके लेख समोर येतात की त्यांची शीर्षके वाचण्यातच आठवडा जाईल. दुसरी अडचण अशी, की ग्रंथालयात बसून उघडलेला लेख घरून उघडू पाहिला असता प्रकाशकाचे संकेतस्थळ पैसे मागते. मी अॅड्रेस बारमधील दुवा जपून ठेवला होता, तोही दुसऱ्या दिवशी चालला नाही. मार्गदर्शक म्हणतात, "डेटाबेस नीट वापरायला शिका", पण ते कसे शिकायचे हे कोणी सांगत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्ग दाखवावा.

कपाट क्रमांक सात

मी बरीच वर्षे महाविद्यालयीन ग्रंथालयात काम केले आहे आणि हा प्रश्न दर वर्षी नव्या चेहऱ्याने काउंटरवर येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी घरून लेख उघडण्याचे पाहू, कारण ते सोपे आहे. प्रकाशक वाचकाला ओळखत नाही, तो महाविद्यालयाच्या नेटवर्कचा आयपी पत्ता ओळखतो. आपण घरी गेलात की तो पत्ता बदलतो आणि प्रकाशकाच्या लेखी आपण परके ठरता. यासाठी ग्रंथालये प्रॉक्सी (घरून केलेली मागणी महाविद्यालयाच्या पत्त्यावरून पाठवणारी सोय) किंवा संस्थात्मक लॉगिनची सोय करतात. नियम एकच: शोधाची सुरुवात नेहमी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून करावी, म्हणजे लॉगिन तिथेच होते आणि पुढचे दरवाजे उघडत जातात. अॅड्रेस बारमधील दुवा बहुतेक वेळा त्या बैठकीपुरताच असतो. लेखाच्या पानावर 'परमालिंक' (कायमचा दुवा) असे बटण असेल तर तो दुवा घ्यावा, नाहीतर डीओआय क्रमांक, म्हणजे त्या लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, टिपून ठेवावा. संकेतस्थळाची रचना बदलली तरी डीओआय बदलत नाही. आणि पैसे मागणाऱ्या पानावर पैसे मात्र कधीही भरू नका. ग्रंथालयाने त्या लेखाची किंमत बहुधा आधीच मोजलेली असते.

आता शोधाविषयी. डेटाबेसला आपला प्रश्न कळत नाही, तो शब्दाला शब्द जुळवून पाहतो. अनेक डेटाबेस आपण लिहिलेल्या प्रत्येक दोन शब्दांमध्ये 'अँड' आपोआप गृहीत धरतात, म्हणून वाक्य जितके लांब तितक्या अटी अधिक, आणि सगळ्या अटी पुऱ्या करणारा लेख सापडत नाही. विषय आधी कागदावर तोडावा. आपल्या विषयात तीन कल्पना आहेत: वय, उपकरण आणि झोप. प्रत्येक कल्पनेसाठी संशोधक वापरत असतील ते सगळे शब्द एका ओळीत लिहावेत. वयासाठी 'ॲडोलसन्ट', 'टीनएजर', 'यूथ'. उपकरणासाठी 'स्मार्टफोन', 'मोबाइल फोन', 'स्क्रीन टाइम'. झोपेसाठी 'स्लीप' आणि 'इन्सोम्निया'. एका ओळीतील शब्द 'ऑर'ने जोडून कंसात घालावेत आणि तिन्ही कंस एकमेकांना 'अँड'ने जोडावेत. दोन शब्दांची संज्ञा असेल तर ती अवतरणचिन्हांत ठेवावी. हे जोडणारे इंग्रजी शब्द कॅपिटल अक्षरांत लिहिण्याची सवय लावून घ्यावी, कारण पबमेडसारख्या (वैद्यकीय लेखांच्या) डेटाबेसला ते तसेच लागतात.

'नॉट' मात्र जपून वापरावे. प्रौढांवरील लेख नकोत म्हणून 'नॉट अॅडल्ट' लिहिलेत, तर प्रौढ आणि किशोर यांची तुलना करणारा, म्हणजे आपल्याला सर्वाधिक उपयोगी पडू शकणारा लेखही यादीतून जातो. तारांकनाचेही (*) तसेच आहे. 'ॲडोलसन्ट' आणि 'ॲडोलसन्स' यांच्या इंग्रजी स्पेलिंगमधला सामाईक भाग लिहून पुढे तारांकन दिले की दोन्ही शब्द सापडतात. पण मांजरांवरील संशोधन शोधणाऱ्या एका विद्यार्थ्याने 'कॅट'पुढे तारांकन दिले आणि त्याच्यासमोर 'कॅटलॉग', 'कॅटेगरी' आणि 'कॅथीड्रल' यांचा ढीग येऊन पडला.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे विषयशीर्षके, म्हणजे लेख कशाविषयी आहे हे सांगणारे ठरावीक शब्द. पबमेडमधील लेखांना 'मेश' नावाच्या शब्दसंग्रहातून शीर्षके दिली जातात. हा संग्रह अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६० साली प्रथम प्रसिद्ध केला आणि तो दर वर्षी सुधारला जातो. त्यात 'ॲडोलसन्ट' म्हणजे १३ ते १८ वर्षे वयाची व्यक्ती. लेखकाने लेखात 'टीनएजर' लिहिले असो वा 'हायस्कूल स्टुडंट', नोंद या एकाच शीर्षकाखाली येते. आपल्या विषयाच्या सायकइन्फो या डेटाबेसलाही स्वतःचा असाच शब्दकोश आहे. एक चांगला लेख सापडला की त्याच्या नोंदीतील ही शीर्षके पाहावीत आणि पुढचा शोध त्यांच्या आधारे घ्यावा. मात्र काही नोंदींना शीर्षके लागलेलीच नसतात, म्हणून साधे शब्दही सोबत ठेवावेत.

तळटीप

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात आहे, म्हणून त्यात एका गोष्टीची भर घालतो. शब्दांनी शोधणे हे केवळ पहिले पाऊल आहे. मला कामाचे निम्म्याहून अधिक लेख साइटेशनच्या, म्हणजे एका लेखाने दुसऱ्याच्या दिलेल्या संदर्भाच्या, मागाने मिळाले. लेखाच्या संदर्भसूचीतून आपण मागे जातो, तर 'साइटेड बाय' या दुव्यातून पुढे, म्हणजे त्या लेखाचा आधार नंतर कोणी घेतला तिकडे. ही कल्पना यूजीन गारफिल्ड यांची. त्यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही संदर्भांची सूची १९६४ साली निघाली आणि आजचा वेब ऑफ सायन्स हा डेटाबेस त्यातूनच वाढला. २००४ साली स्कोपस हा तसाच डेटाबेस आणि गूगल स्कॉलर हे संशोधनलेख शोधण्याचे गूगलचे साधन, दोन्ही आले. माझे स्पष्ट मत असे, की नवख्याने गूगल स्कॉलरपासूनच सुरुवात करावी. त्याच्या सेटिंगमध्ये 'लायब्ररी लिंक्स' या भागात आपले महाविद्यालय निवडता आले, तर उपलब्ध लेखांच्या शेजारी ग्रंथालयाचा दुवा दिसू लागतो.

कपाट क्रमांक सात

सुरुवातीला चाचपणी म्हणून गूगल स्कॉलर वापरण्यास माझी हरकत नाही, परंतु लघुप्रबंधाचा मुख्य शोध त्यावर उभा करू नये. तिथे विषयशीर्षके नाहीत, वय किंवा संशोधनपद्धती यांनुसार गाळणी लावता येत नाही, आणि एका शोधाच्या फार तर पहिल्या १००० निष्पत्ती पाहता येतात. शोध कसा घेतला हे परीक्षकांना सांगण्याची वेळ आली, तर डेटाबेसचा शोध शब्दशः मांडता येतो.

आषाढमेघ

दोघांचेही मनापासून आभार. तीन कंसांची युक्ती वापरली आणि यादी वाचता येईल इतकी आटोपशीर झाली. पुढे 'फुल टेक्स्ट' या चौकोनात खूण केली, तेव्हा ती आणखी लहान झाली. आता एकच शंका उरली आहे: काही लेखांचा फक्त सारांशच दिसतो, आणि जेस्टोरवर एका नियतकालिकाचे जुने अंक आहेत पण अलीकडचे नाहीत. हे माझ्या लॉगिनमुळे होत असेल का?

कपाट क्रमांक सात

नाही, आपले लॉगिन ठीक आहे. १९९५ साली स्थापन झालेले जेस्टोर मुळात जुन्या अंकांच्या जतनासाठी उभे राहिले. तिथे अनेक नियतकालिकांना 'मूव्हिंग वॉल' असते, म्हणजे साधारण तीन ते पाच वर्षांपूर्वीपर्यंतचेच अंक दिसतात आणि ती सीमा वर्षागणिक पुढे सरकते. अलीकडचे अंक दुसऱ्या एखाद्या डेटाबेसमध्ये असू शकतात. 'फुल टेक्स्ट'ची खूण मात्र आताच काढून टाका. ती केवळ त्याच डेटाबेसमध्ये पूर्ण मजकूर आहे का, एवढेच पाहते. ग्रंथालयाकडे तोच लेख दुसरीकडे असला तरी तो यादीतून गळतो. त्याऐवजी नोंदीखालचे 'फाइंड फुल टेक्स्ट' किंवा तत्सम बटण दाबावे, ते ग्रंथालयाची सर्व वर्गणी तपासते. तिथेही लेख मिळाला नाही, तर आंतरग्रंथालयीन देवघेवीचा, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयाकडून लेख मागवण्याचा, अर्ज भरावा. विद्यार्थ्यांना हा अर्ज भरण्याचा संकोच का वाटतो हे मला आजवर उमगलेले नाही.

तळटीप

आणखी एक सावधगिरी. लेख एकेक करून, वाचायचे तेवढेच उतरवून घ्या. आमच्याकडे एका मित्राने स्क्रिप्ट लिहून रातोरात शेकडो लेख उतरवले. असे सामूहिक डाउनलोड परवान्याच्या अटींत बसत नाही, त्यामुळे प्रकाशकाने संपूर्ण संस्थेचाच प्रवेश थांबवला आणि परीक्षेच्या तोंडावर सर्वांचे हाल झाले. नोंदी मात्र एकगठ्ठा घेता येतात: हवे ते लेख निवडून त्यांच्या नोंदी आरआयएस या फाइल-स्वरूपात निर्यात करा आणि झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणा. आणल्यावर लेखकांची नावे आणि शीर्षकातील कॅपिटल अक्षरे तपासा, कारण डेटाबेसमधील चूक थेट आपल्या संदर्भसूचीत येऊन बसते. प्रत्येक शोधाची ओळ, डेटाबेसचे नाव आणि तारीख आजच एका वहीत लिहायला लागा. मी पहिल्या वर्षी ते केले नाही आणि पद्धतीचे प्रकरण लिहिताना सगळे शोध पुन्हा घ्यावे लागले.