नोकरी सांभाळून स्वतःचं कॉमिक काढणारे कुणी आहेत का? सल्ला हवाय (सोलापूर)

ताणाबाणा
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिझायनर आहे. दिवसभर जकार्डसाठी मोर, वेलबुट्टी, हॉटेलांचे लोगो चौकटी-चौकटीत बसवायचे आणि रात्री जेवणं झाली की स्वतःची चित्रं काढायची, असं चाललंय. जुनी मिल आणि तिच्या भोंग्यावर चालणारं एक घर, अशी गोष्ट डोक्यात आहे. आजोबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते, आजी विड्या वळायची. दोनशेच्या आसपास पानं होतील. थोडी पेन्सिलमध्ये झालीत, शाई अजून एकाही पानाला लागलेली नाही.

विचारायचं असं की कुठल्या मोठ्या प्रकाशनाच्या आधाराशिवाय जे लोक कॉमिक काढतात, त्यांचं घर कशावर चालतं? त्यांच्याबद्दल वाचण्यासारखं काय आहे? छपाई सोलापुरात होईल की पुणं गाठावं लागेल? आणि तुमच्यापैकी कुणाचं काही चालू असेल, पुढे काय काढणार असाल, तर तेही लिहा. रात्री एकट्यानं बसून काढताना जगात आपणच तेवढे खुळे आहोत असं वाटायला लागतं.

लहान मुलांची पुस्तकं कृपया सुचवू नका. 'कार्टून काढतोय आमचा' हे घरात ऐकून कान किटलेत.

शेंगाचटणी
मालक, दोनशे पानं? आधी सोळा काढ बे.

रेघोट्या
मी मूळचा साखर पेठेतला, आता पुण्यात. घर कशावर चालतं याचं उत्तर एका शब्दात: नोकरीवर. नाहीतर जाहिरातीच्या स्टोरीबोर्डवर, पाठ्यपुस्तकांच्या चित्रांवर, क्लासवर. कॉमिकवर घर चालवणारा आपल्याकडे मला तरी भेटलेला नाही, आणि बाहेरही ते सोपं नाही.

हार्वे पेकार हे नाव आधी शोधा. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या सरकारी दवाखान्यात फाइल क्लार्क. १९७६ पासून स्वतःच्या खिशातून 'अमेरिकन स्प्लेंडर' काढलं. या माणसाला चित्रं काढता येत नव्हती! काड्यांची माणसं काढून, बाजूला संवाद लिहून तो कागद चित्रकाराच्या हातात द्यायचा. विषय तरी काय, ऑफिसातली भांडणं, दुकानातली रांग, जुन्या जॅझच्या रेकॉर्डी. पुढे नाव झालं, टीव्हीवर गेला, तरी २००१ मध्ये निवृत्त होईपर्यंत फायली लावतच होता. तुम्हाला याच माणसाची गरज आहे असं तुमचा प्रश्न वाचून वाटलं.

दुसरं नाव जेफ स्मिथ. 'बोन' हे १९९१ ते २००४ या काळात ५५ अंकांत पुरं केलं, बहुतेक सगळं स्वतःच्याच प्रकाशनातून. त्यातली धंद्याची बाजू त्यांच्या पत्नीनं, विजया अय्यर यांनी, चांगली नोकरी सोडून सांभाळली. मुलाखतींमध्ये लोक चित्रांबद्दलच विचारत बसतात. पण अंक वेळेवर छापून घेणं, गठ्ठे पाठवणं, दुकानदाराकडून पैसे वसूल करणं हे कुणीतरी केलं म्हणून तो माणूस तेरा वर्षं चित्रं काढू शकला. तुमच्याकडे हे कोण करणार, याचा आत्ताच विचार करून ठेवा.

निन्जा कासवांचं उदाहरण कुणीतरी देईलच, म्हणून मीच देतो. ईस्टमन आणि लेअर्ड, १९८४, कर-परताव्याचे पैसे आणि काकांकडून उसने घेतलेले, त्यातून काळ्या-पांढऱ्या अंकाच्या तीनेक हजार प्रती. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ते वाचा, मजा घ्या, पण त्यावरून राजीनामा लिहू नका.

माझं म्हणाल तर हुतात्मा एक्स्प्रेसच्या एकाच डब्यात घडणारी गोष्ट काढतोय. गाडीतच स्केच करतो. समोरचा कुर्डुवाडीला उतरला की त्याचा चेहरा अर्धाच राहतो, मग नाक दुसऱ्याचं लावावं लागतं.

फर्मा_सोळा
छपाईच्या धंद्यात आहे, सोलापुरातच. पुण्याला कशाला जाताय? आपल्याकडे सगळं होतं, फक्त फाइल नीट आणा. लोक मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, 'कव्हर करून द्या.'

नीट लक्षात ठेवा. सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारायच्या तर पानं चारच्या पटीत पाहिजेत, आणि ऑफसेटला सोळाचा फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा पानं धरली तर कागद वाया जात नाही. वर शेंगाचटणी यांनी चेष्टेत सांगितलं असेल, पण सोळाचा हिशोब बरोबर आहे. शंभर-दीडशे प्रती हव्या असतील तर डिजिटलवर घ्या. ऑफसेटला प्लेटचा खर्च प्रती कितीही असल्या तरी तेवढाच, म्हणून प्रती वाढल्या की तिथं परवडायला लागतं. रेट इथं टाकत नाही, कागदाचा भाव हलत असतो. समक्ष या.

काळ्या-पांढऱ्या रेघेचं काम ६०० डीपीआयला स्कॅन करा. ३०० ला केलं की रेघेच्या कडेला दात दिसतात. काळा रंग फक्त काळ्या शाईतच ठेवा. चारही रंग मिसळून केलेला काळा असेल आणि प्लेट केसभर हलली, तर प्रत्येक रेघेला लाल-निळी सावली येते, मग पार्टी म्हणते प्रेसवाल्यानं वाट लावली. चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यात जाणारं जादा चित्र सोडा. कागद ७० जीएसएमचा घेऊ नका, रात्रीचे प्रसंग भरपूर असतील तर मागच्या पानावरचा काळा पुढं दिसतो. १०० चा मॅपलिथो घ्या, हाताला बरा लागतो.

आणि दिवाळीच्या तोंडावर येऊ नका. अंक, कॅलेंडरं, डायऱ्या, श्वास घ्यायला वेळ नसतो. लग्नसराईतही नको.

कात्री_कागद_गोंद
ताणाबाणा, विडी वळणारी आजी वाचून लिहिते आहे. मी शाळेत शिकवते. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतली पोरं आमच्याकडे येतात, बहुतेकांच्या घरी विडीचं काम.

शरद शर्मा आणि त्यांची वर्ल्ड कॉमिक्स इंडिया ही संस्था बघा. त्यांची पद्धत अगदी साधी. चार चौकटींची गोष्ट, दोन ए-फोर कागद जोडायचे, काळ्या पेनानं काढायचं, झेरॉक्स मारायची आणि भिंतीवर लावायची. चित्र चांगलं येतं की नाही हा प्रश्नच नाही, गोष्ट तुमची असली पाहिजे. आम्ही वर्गात हेच केलं. सातवीतल्या एका मुलीनं चौथ्या चौकटीत माणूसच काढला नाही. नुसतं सूप, त्यात कात्री, पानं, आणि बाजूला कारखान्यात नापास करून परत दिलेल्या विड्यांचा ढीग. ढिगाशेजारी आईचा अंगठा तेवढा काढलाय, नखाशी पिवळा केलेला. मला ते पान कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पुढच्या वर्षी अशा पानांचा एक संच करायचा विचार आहे, मराठी आणि तेलुगू शेजारी शेजारी. पोरं घरी तेलुगूच बोलतात, गोष्टीतली आई शुद्ध मराठीत बोलली की त्यांना हसू येतं. तुमची आजी कुठल्या भाषेत बोलणार आहे?

ताणाबाणा
@कात्री_कागद_गोंद, आजी तेलुगूतच बोलायची, आजोबांशी मराठी मिसळून. मी सगळं मराठीत लिहीत होतो. तेलुगू वाक्यं देवनागरीतच ठेवली तर वाचणारा अडखळेल का?

वेलांटी
अडखळू दे. चित्रात हात दिसतो, चेहरा दिसतो, समजतं. तळटीप मात्र घालू नका, तळटिपेनं पान मरतं.

मी दुसऱ्यांच्या कॉमिकसाठी अक्षरं टाकते, तेवढ्यापुरतं बोलते. देवनागरी संवादाचा फुगा इंग्रजीच्या मापानं काढायचा नाही. आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार. 'तू हिला' खाली 'किती' आलं की दीर्घ उकार थेट खालच्या वेलांटीत घुसतो. दोन ओळींत जागा जास्त सोडा, म्हणजे फुगा आपोआप मोठा होतो. म्हणून आधी संवाद लिहा, फुगा पाडा आणि उरलेल्या जागेत चित्र बसवा. चित्रकारांना हे आवडत नाही, मला माहीत आहे. ते आधी पालिकेची सुंदर इंद्रभुवन इमारत काढतात, प्रत्येक कोरीव खांब, प्रत्येक नक्षी, आणि मग आम्ही त्यावर फुगा चिकटवायचा.

फाँट फुकट हवे असतील तर कलम आणि बलू बघा, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, छापील पुस्तकात वापरता येतात. कलम हातानं लिहिल्यासारखा आहे, बलू गुबगुबीत, ओरडण्यासाठी चांगला. पण तुमचं अक्षर बरं असेल तर हातानंच लिहा. जकार्डवाल्या माणसाचं अक्षर वाईट असेल असं मला वाटत नाही.

माझं स्वतःचं चालू आहे ते सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेवर. पूर्ण मुकं, एकही शब्द नाही. अक्षरं टाकणारीनं बिनशब्दाचं कॉमिक काढावं यावर घरी पुष्कळ विनोद झालेत. यात्रेतल्या उंच काठ्या, नंदीध्वज, खांद्यावर नव्हे, कमरेच्या पट्ट्यावर तोलतात, तो तोल कागदावर येत नाहीये. फोटो बघून काढलं की काठी नुसती उभी दिसते, तिचं वजनच कळत नाही. जानेवारीत पुन्हा जाऊन मागच्या बाजूनं बघणार आहे, पायांकडे.

पार्कमैदान
बाकी सगळं ठीक, पण 'आधी सोळा पानं' हा सल्ला मला पटत नाही. ऑरिजित सेन यांचं नर्मदेवरचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ मध्ये आलं. ते सोळा पानांत झालं असतं का? फार थोड्या प्रती निघाल्या, वर्षानुवर्षं मिळत नव्हतं, २०२२ मध्ये पुन्हा छापलं गेलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी काढलेलं 'भीमायन' (२०११) बघा, चौकटीच नाहीत, गोंड चित्रांतली दिगण्याची, म्हणजे भिंतीवर काढायच्या नक्षीची वळणं पान कापतात. फुग्यांचंही तसंच, चांगल्या माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकारात आणि विखारी बोलणं विंचवाच्या शेपटीचं. मोठा विषय मोठी जागा मागतो. जुनी मिल १८७७ ची. तिच्यावर सोळा पानं म्हणजे पत्रिका झाली.

आणि मराठीत चित्रकथा म्हटलं की लोक थेट लहान मुलांकडे जातात, त्यावर उतारा म्हणून शि. द. फडणीस बघत राहा. शब्द नाहीत, तरी मोठ्या माणसांचं जग.

शेंगाचटणी
पार्कमैदानसाहेब, दोनशे पानं सुरू करणारे मी लय बघितलेत. संपवणारे दाखवा.

पार्कमैदान
तेही खरं आहे.

बार्शीकर_दोघे
आम्ही दोघं मिळून काढतो, एक लिहितो, एक काढतो. नान्नजच्या माळढोकावर. पहिलं पुस्तक पुढच्या उन्हाळ्यात आणायचा बेत आहे. पक्षी दिसत नाही हीच गोष्ट आहे, त्यामुळे चित्रकाराचं काम सोपं, असं लेखकाचं म्हणणं. चित्रकाराचं म्हणणं वेगळं आहे. दिवसभर नुसतं गवत काढून बघा म्हणतो.

दोघं असाल तर कागद करून घ्या, मैत्री कितीही जुनी असो. कॉपीराइट कायद्यात, १९५७ चा, हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे प्रकाशकाशी बोलतानाही उपयोगी पडतं. आम्हाला एकानं 'सगळे हक्क, सगळ्या माध्यमांत, कायमचे' असा कागद सही करायला दिला होता. पैसे किती, तर पुस्तकाच्या पंचवीस प्रती. चहा पिऊन परत आलो.

विक्रीचं: कॉमिक कॉनचं टेबल आपल्याला परवडण्यातलं नाही, आणि तिथं टी-शर्ट जास्त खपतात. त्यापेक्षा इंडी कॉमिक्स फेस्ट बघा. काढणारेच टेबल मांडून बसतात, मुंबई-बंगळूरला झालेत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा नोंदणी क्रमांक, फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीच्या साइटवर अर्ज करा, दलालाला पैसे देऊ नका.

टपालाला २०२५ पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, वर कर. पण पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं पाहिजे, जाहिराती नकोत आणि नियतकालिकाला ते लागू नाही. म्हणून कव्हरवर 'मासिक', 'त्रैमासिक' असलं काही टाकू नका. 'भाग पहिला' लिहा.

ताणाबाणा
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. पेकारबद्दल काल रात्री वाचत बसलो, चित्र काढायचं राहिलं.

सध्या असं ठरवलंय. पार्कमैदान म्हणतात तशी गोष्ट मोठीच ठेवतो, पण भाग पाडतो. पहिला भाग एकाच दिवसाचा: भोंगा झाला नाही तो दिवस. आजोबा डबा घेऊन दारात उभे, आजीच्या हातात विडी, आणि गल्लीत कुणालाच किती वाजले कळत नाही. हे चोवीस पानांत बसतं, सोळात नाही बसत, शेंगाचटणी माफ करा. आजी तेलुगूत बोलेल. नोकरी सोडत नाही. उलट कारखान्यातल्या ग्राफ पेपरवरच चौकटी आखून बघतोय. उभे-आडवे चौकोन बघायची नजर आहे, तर कॉमिकच्या पानावर ती लावली तर काय बिघडलं? साच्याचा खडखडाट आवाजाच्या अक्षरांऐवजी नुसत्या भरलेल्या-रिकाम्या घरांनी दाखवायचा प्रयत्न चालू आहे. कधी जमल्यासारखा वाटतो, कधी क्रॉसवर्ड दिसतो.

@फर्मा_सोळा, चोवीस पानं चारच्या पटीत आहेत म्हणजे सेंटर पिन चालेल ना? कव्हर त्यात धरायचं की वेगळं?

फर्मा_सोळा
चालतं की. कव्हरची चार पानं वेगळी, ते जाड कागदावर जातं. चोवीस म्हणजे दीड फर्मा, ऑफसेटला गेलात तर उरलेल्या अर्ध्यात काय टाकायचं ते बघू, पोस्टकार्डं काढा, टेबलावर विकली जातात. त्या खडखडाटाच्या पानाचं आधी एक प्रूफ काढून बघा. इतकी बारीक भरलेली घरं डिजिटलवर भरून येतात, पांढरं घर काळं होतं. ते एकच पान घेऊन दुकानात या, सकाळी अकराच्या आत. नंतर मशिन सुरू झालं की बोलणं ऐकू येत नाही.

वेलांटी
आणि आजीचे फुगे आधी पाडा.