मदत हवी आहे: बुद्धिबळातील बर्लिन बचावात वजीर गेल्यावर पांढऱ्याने काय करावे?
नमस्कार. गेल्या महिन्यात एका स्थानिक स्पर्धेत मी पांढऱ्या मोहऱ्यांनी रुय लोपेझ हा प्रारंभ खेळलो, समोरच्याने त्याला काळ्याचे उत्तर म्हणून बर्लिन बचाव स्वीकारला आणि माझ्याकडून कोणतीही ढोबळ चूक न होता ३४ चालींत डाव बरोबरीत सुटला. घरी येऊन २००० सालच्या लंडनमधील जगज्जेतेपदाच्या लढतीतला कास्पारोव्ह (पांढरा) विरुद्ध क्रामनिक (काळा) हा पहिला डाव पटावर मांडला, तर कास्पारोव्हही तिथेच अडलेला दिसला. तो डाव २५ चालींत बरोबरीत सुटला आणि त्या लढतीतले बर्लिनचे चारही डाव बरोबरीतच संपले.

आठव्या चालीला वजीर मारले जातात, काळ्याचा राजा डी८ वर येऊन किल्लेकोटाचा हक्क गमावतो आणि सी फाइलवर (उभ्या रांगेत) त्याची दोन प्यादी एकामागे एक राहतात. राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार प्यादी तिघांसमोर उभी असल्याने सगळी मोहरी संपली तर फक्त राजे आणि प्यादी उरलेला शेवटचा टप्पा पांढऱ्याला जिंकता येतो, हे मला समजते. पण काळ्याकडे दोन्ही उंट असतात आणि ई५ वरचे पांढरे प्यादे काळ्या घरात असल्यामुळे आपल्याच उरलेल्या उंटाचा कर्ण अडवते.

त्या डावात क्रामनिकने घोडा ई७, जी६ असा फिरवून शेवटच्या चालीला पुन्हा एफ५ वर आणला. दरम्यान काळ्याचे एच प्यादे एच४ पर्यंत गेले होते, त्यामुळे जी४ ढकलून त्या घोड्याला हुसकावता येत नाही, कारण काळा ते प्यादे वाटेतच मारतो. ही योजना मला फार सुंदर वाटते, आणि माझा खरा प्रश्न याच ठिकाणी आहे. कास्पारोव्हने एच३ बाराव्या चालीला केले. ते नवव्याच चालीला करून, काळ्याचे प्यादे एच५ वर येण्याआधी जी४ खेळणे योग्य ठरेल का, की त्याने एफ४ हे घरच कमकुवत होते?

दुसरे असे की, माझ्या डावात मी घाईने दोन्ही हत्तींची अदलाबदल केली आणि त्यानंतर समोरच्याचे उंट अधिकच मोकळे झाले. आधी घोडा देऊन एक उंट मारावा आणि हत्ती पटावर ठेवावेत, हा क्रम बरोबर आहे का? सोचीत २०१४ साली आनंदने याच प्रारंभात कार्लसनविरुद्ध दोन प्याद्यांसाठी उंट देऊनही १२२ चालींत डाव वाचवला होता, तेव्हा काळ्याची बाजू किती चिवट आहे याची मला कल्पना आहे.

बुद्धिबळाच्या संगणक प्रोग्रामने (इंजिनने) दिलेले आकडे माझ्याकडे आहेत. कोणते मोहरे कोठे न्यायचे आणि का, एवढे कोणी समजावून सांगितले तर आभारी राहीन.