फ्लॅनरी ओ'कॉनर: खेडं खरं, तत्त्वज्ञान उपरं?

माळरान: अमेरिकन लेखिका ओ'कॉनर यांची 'द व्हायोलंट बेअर इट अवे' (१९६०) ही कादंबरी काल संपवली. रानात राहणारा म्हातारा न्याहारीला बसल्या जागी मरतो. चौदा वर्षांच्या टारवॉटरने त्याला पुरायचंय, पण पोरगं खणणं टाकून दारू ढोसतं आणि घरच पेटवून देतं. इथवर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याची माती नाकात जाते. मग शहरातला शाळामास्तर रेबर येतो आणि पानोपानी धर्मचर्चा. बाई रोज झोपण्याआधी वीसेक मिनिटं थॉमस अक्वायनस हा मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ वाचायच्या म्हणे. दिसतंच ते!

शंकेखोर: कुठली माती? जन्म १९२५चा, सव्हाना या बंदराच्या शहरात. नंतर मिलेजव्हिल, म्हणजे जॉर्जियाची जुनी राजधानी. शेतावर कायमचा मुक्काम १९५१ पासून, ल्युपस या दुखण्याने गाठल्यावर. डेअरी आई बघायची, ही सकाळी लिहायची आणि मोर पाळायची. 'ग्रामीण' म्हटलं की लेखकाने औत धरलंच असणार, असं आपण का धरून चालतो?

ताकघुसळणी: माळरान, उपरं कसं हो? त्यांची 'गुड कंट्री पीपल' ही कथा वाचा. हल्गा, बत्तीस वर्षांची, तत्त्वज्ञानात पीएच.डी., एक पाय लाकडी, आईच्या शेतावर अडकलेली. बायबल विकणाऱ्या भोळसट पोराला नादी लावायचा बेत हिचाच. गवताच्या माळ्यावर तो एक बायबल उघडतो. आतून पोकळ! दारूची बाटली, पत्ते. शेवटी तिचा पायच घेऊन पसार होतो, वर ऐकवून जातो की कशावरच विश्वास न ठेवणं मला जन्मापासून जमतंय. यातून तत्त्वज्ञान वेगळं काढून दाखवा बरं.

माळरान: कथेत जमतं हो. कादंबरीभर ताणलं की विरतं.

ताकघुसळणी: रेबरचं कानाचं यंत्र विसरलात? म्हाताऱ्याने झाडलेल्या गोळीने कान गेलेला. प्रवचन करणाऱ्या पोरीचा आवाज सोसेना, तेव्हा हा बटण चाचपून यंत्रच बंद करतो. याला चर्चा म्हणता?

उंबरठा: माती-माती चाललंय, पण त्या मातीत राबणाऱ्या काळ्या माणसांचं काय? पत्रांत बाई त्यांच्याविषयी जे लिहितात ते वाचवत नाही. २०२० मध्ये मेरिलँडच्या लॉयोला विद्यापीठाने वसतिगृहावरून त्यांचं नाव काढलं. आणि म्हाताऱ्याला अखेर पुरतो कोण? ब्युफर्ड मन्सन. काळा शेजारी.

शंकेखोर: पत्रांचं समर्थन नाहीच. पण सगळ्यांत जबाबदारीचं काम त्यांनी ब्युफर्डकडेच दिलं, हेही धरा.

माळरान: यंत्राचं मान्य. मधल्या भागाबद्दलची तक्रार कायम. ब्युफर्डबाबत मात्र माझं चुकलंच; वर गोष्ट सांगताना पुरण्याची गोष्ट काढली आणि पुरणाऱ्याचं नावच घेतलं नाही.