शिंपी पक्ष्याची शिवण: तुम्ही काय पाहिलंत?

वजनाने जेमतेम ६ ते १० ग्रॅम, आवाज मात्र चार घरं पलीकडे ऐकू जाणारा. पानं शिवून त्यात घरटं करणारा हा शिंपी तुमच्या परसात, कुंडीत, बांधावर राहून गेला असेल तर लिहा. चुकलेलंही लिहा.

*

हळदीच्या पानावर, ऑगस्टात. मादी पानाच्या कडेला चोचीने भोक पाडायची आणि वातींसाठी ठेवलेल्या कापसाचा पुंजका त्यातून ओढायची. गाठ मारत असेल असं मला वाटायचं. गाठबीठ काही नाही! भोकाबाहेर आलेलं टोक पिंजून फुगतं, म्हणून टाका सुटत नाही. एका कडेला ११ टाके मोजले, त्यात दोन कोळ्याच्या जाळ्याचे. पान देठाला जिवंतच, त्यामुळे हिरवंगार. रोज पाणी घालूनही आठवडाभर मला पत्ता नव्हता.

*

माझ्या हातून मोडलं. वांग्याची रोगट पानं खुडत होते, एक जड लागलं. आत तीन अंडी, निळसर, तांबूस ठिपक्यांची. पान सुतळीने परत बांधलं. ती फिरकली नाही.

*

पानं शिवलेली दिसली म्हणजे शिंपीच, असं नाही हं. राखी वटवट्याही शिवतो. पक्षी बघा: डोकं तांबूस, पाठ शेवाळी, शेपटी उभी, तर शिंपी. नर ओरडताना मानेच्या बाजूला काळा डाग दिसतो, एरवी पिसांखाली झाकलेला.

*

शास्त्रीय नावातलं 'सुटोरियस' लॅटिनमध्ये चांभाराचं. आपण शिंपी केलं ते बरं केलं, हा चामड्याला हात लावत नाही.

*

आमच्या लिंबावर शिंपीण स्वतःपेक्षा मोठ्या पिल्लाला भरवत होती. पावसाळ्यात येणाऱ्या छोट्या करड्या कोकिळेचं ते. तिची स्वतःची पिल्लं दिसलीच नाहीत. आई म्हणाली, "हुसकून लाव त्याला." नाही लावलं, पण राग आला होता खरा.

*

गॅलरीतल्या कर्दळीच्या पानाला कालपासून भोकं दिसतायत, एकात कापूसही आहे. रंगारी सोमवारी येणार. कुंडी आत घेतली तर चालेल?

*

नको. आत घेतलीत तर ती सोडून जाईल. घरटं व्हायचे चार-पाच दिवस, अंडी घालायचे तीन-चार, उबायला साधारण १२, पिल्लं उडायला १४. रंगाऱ्याला पुढच्या महिन्यातली तारीख द्या.