प्रतिसाद : आधी ओळखलं म्हणजे जिंकलं?

बाजाराचा कल जो आधी ओळखतो तोच टिकतो, हे मत पटलं नाही. वाइनचंच बघा. नारायणगावच्या इंदाज या वाइन कंपनीनं १९८०च्या दशकातच स्पार्कलिंग (फेसाळणारी) वाइन परदेशी पाठवली होती. २००८च्या मंदीनंतर मात्र कंपनी कर्जात बुडाली. उशिरा आलेली नाशिकची सुला ही वाइन कंपनी मात्र टिकली; तिची पहिली वाइन आली २००० साली. सुलाचे संस्थापक राजीव सामंत अमेरिकेतल्या ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीची नोकरी सोडून नाशिकला आले, आधी आंबा, गुलाब असं काय काय लावून पाहिलं, मग वाइनच्या द्राक्षांकडे वळले. वाइन बनवायला कॅलिफोर्नियातला जाणकार गाठला (आपल्याकडे यालाच कमीपणा मानतात!). वाइन उद्योगाला सवलती देणारं २००१चं राज्याचं धोरणही पथ्यावर पडलं. पण खरी हुशारी गिऱ्हाइकाला थेट मळ्यात आणून चव दाखवण्यात होती.